हाल-तोर्बाचा हिरवा रंग

माणसानं मत जरूर मांडावं. पण हातात पेला असताना आणि पाठीमागे अध्यक्ष उभे असताना मांडू नये, एवढं साधं शहाणपण मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी आलं.

सान रॉक ह्या आमच्या संताचा सण होता. आमच्या बँड क्लबच्या गच्चीवर सगळे माना वर करून उभे होते. शेताकडून आतषबाजीचा एक बार सुसाट वर गेला, फुटला, आणि आकाशात जे काही पसरलं ते बघून मी केवळ शास्त्रीय प्रामाणिकपणापोटी म्हणालो, "हा हिरवा नव्हे. ह्याला कावीळ झालीय."

माझं चुकलं नव्हतं. हिरवा हा आमच्या क्लबचा रंग. चौकापलीकडचा सांता मारियाचा क्लब पिवळा. दोघांचं चर्च एक, पाद्री एक, कबरस्तान एक; पण लग्न ठरवताना मुलगी कुठल्या रंगाची हे आधी विचारतात. माझी बायको लॉन्झा माहेरची पिवळी. हा विषय सभेत कुणी काढू नये म्हणून मी गेली बत्तीस वर्षं प्रत्येक सभेला सगळ्यांच्या आधी जाऊन बसतो. तर अशा ह्या हाल-तोर्बा गावात, आमच्या सणाला, आमच्याच वर्गणीतून आकाशात पिवळा रंग उधळला गेला, तोही सलग दुसऱ्या वर्षी. पलीकडच्या गच्चीवरून टाळ्या आल्या. कुणीतरी कर्ण्यातून ओरडलं, "आभारी आहोत हो! पुढच्या वर्षी थोडी वर्गणी आम्ही देऊ!"

आमचे अध्यक्ष जाकबू हे टायरचे व्यापारी. त्यांच्या चेहऱ्यावर भाव कमी आणि हवा जास्त असते. ते माझ्याकडे वळले.

"सर, तुम्ही शाळेत रसायनशास्त्र शिकवता ना?"

"एकतीस वर्षं."

"मग तुम्हीच करा हिरवा."

चार दिवसांनी सभेत तसा ठराव झाला. चौदा हात वर झाले. त्यातला एक माझा होता. मला वाटलं, चहाबरोबर चीज भरलेल्या पास्तीत्सी कुणाकुणाला हव्यात ते विचारतायत.

पण खरी गोष्ट गच्चीवरच घडून गेली होती. अध्यक्षांच्या मागे लेलीकाका उभे होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे. पेशानं सुतार, पण पन्नास वर्षं सान रॉकचं सगळं दारूकाम त्यांनी दिवसाचं काम आटोपून, एक पैसा न घेता केलं. त्यांच्या डाव्या हाताला तीन बोटं आहेत. उरलेल्या दोन बोटांचं काय झालं हे गावात कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे. माझं वाक्य त्यांनी ऐकलं. टोपी घातली आणि जिना उतरून निघून गेले. कावीळ हा शब्द मी परत घेतला असता, पण जिना अरुंद होता आणि जाकबू मध्ये उभे होते.

दारूकामाच्या कारखान्यात पाऊल ठेवायचं तर परवाना लागतो. मी म्हटलं, एकतीस वर्षं शिकवलं, परवाना काय, सही केली की झालं. सरकारी कचेरीतल्या बाईंनी माझ्या अर्जाकडे बघितलं आणि विचारलं, "विस्तीन कोण?"

"मी."

"जन्माच्या दाखल्यावर आउगुस्तीनू आहे."

"तोच तो. घरी विस्तीन म्हणतात."

"ओळखपत्रावरही विस्तीन आहे. ओळखपत्र घरी दिलं का?"

दोघं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करायला मी वकिलाकडे गेलो, तर त्याच्या कारकुनानं विचारलं, "सहीला दोघांपैकी कोण येणार आहेत?" मग चांगल्या वर्तणुकीचा पोलिसांचा दाखला. मग डॉक्टरांचा. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब जास्त आहे. मी म्हटलं, तीन आठवडे कचेरीत जातोय. ते म्हणाले, मग कमीच आहे.

शेवटी परीक्षा. ह्या परीक्षेबद्दल मी आजवर घरात बोललेलो नाही, पण इथे लिहितो. प्रश्न होता: मिश्रण करताना ठिणगी दिसली तर तुम्ही काय कराल? मी दीड पान लिहिलं. ऑक्सिजन कुठून येतो, ज्वलनाचा वेग कशावर ठरतो, सोबत एक आकृती. नापास झालो. पेपर तपासणारा फ्रिदू हा माझाच जुना विद्यार्थी. त्याला मी दोनदा नापास केलं होतं, न्याय्य कारणासाठी.

"सर," तो अगदी अदबीनं म्हणाला, "उत्तर एका शब्दाचं होतं."

"कोणतं?"

"पळेन."

"पण कारणमीमांसा..."

"सर, तुमचं दीड पान वाचून होईपर्यंत छप्पर उडालं."

दुसऱ्या खेपेला मी 'पळेन' एवढंच लिहिलं. शंभरपैकी शंभर मिळाले. आयुष्यात इतके गुण मला कधी मिळाले नव्हते, आणि इतकं कमी समाधानही.

एव्हाना गावाला माझ्या कामगिरीचा सुगावा लागला होता आणि सल्ले सुरू झाले होते. शेजारच्या फिलुमेनानं तिच्या आजीचं तांब्याचं पातेलं आणून दिलं. "ह्याचा हिरवा गंज खरवडून टाक. माझ्या आजोबांनी तेच केलं असतं." मी सांगितलं की तांबं जळताना निळ्याकडे झुकतं. ती म्हणाली, "मग थोडा पिवळा घाल, तुमच्याकडे भरपूर आहे." केस कापणाऱ्या नीनूचं म्हणणं, पालक वाळवून बघा. आमचे पाद्री डुन श्मून म्हणाले, "हिरवा हा आशेचा रंग आहे, विस्तीन. आशा धर." त्यांना दोन्ही क्लबांकडून देणगी येते, त्यामुळे ते यापलीकडे कधी जात नाहीत.

खरं सांगायचं तर कृती गुपित नाही. बेरियम नावाचा धातू असतो, त्याच्या क्षारातून हिरवा मिळतो. पण एकट्या बेरियमचा हिरवा फिका. जोडीला क्लोरीन लागतो. ज्वाळेत त्या दोघांची क्षणभर गाठ पडते आणि त्या क्षणापुरता हिरवागार उजेड पडतो. ज्वाळा जास्त तापली तर जोडी फुटते. कमी तापली तर जमतच नाही. थोडक्यात, नाजूक संसार. त्यात जर कुठून चिमूटभर मीठ आलं तर खेळ खलास. मिठातला सोडियम पिवळा जळतो, आणि असा जळतो की दुसऱ्या कुणाचं काही दिसत नाही. आमच्या बँडमध्ये झेप्पी ढोल वाजवायला लागला की बासरी वाजवणारी मुलगी फक्त गाल फुगवताना दिसते, तसंच.

म्हणजे प्रश्न एवढाच होता, की लेलीकाकांच्या हिरव्यात मीठ शिरतं कुठून?

मी स्वयंपाकघराची प्रयोगशाळा केली. बेरियम विषारी म्हटल्यावर लॉन्झानं पीठ, टोमॅटो आणि मुरत घातलेला ससासुद्धा उचलून बहिणीकडे नेला. "तू हिरवा शोध. आम्ही तिकडे जेवतो," म्हणाली. स्पिरिटचा दिवा, प्लॅटिनमची तार, शाळेतून आणलेलं शुद्ध पाणी. कारखान्यातून चिमूट-चिमूट नमुने आणले होते. नुसती बेरियमची पूड तारेवर घेऊन ज्वाळेत धरली, की सुरेख हिरवी. कोळसा ठीक. चिकटवायचं पीठ ठीक. आणि बारात भरतात त्या तयार गोळीचा कण धरला, की पिवळाधमक!

मिश्रण कोरडं असताना शुद्ध, गोळी झाली की खारट. मधल्या काळात त्याला काय लागतं? लेलीकाकांचे हात. हातांना घाम येतो. घामात मीठ असतं. रसायनशास्त्रात ह्याला निष्कर्ष म्हणतात. माणसांत ह्याला उद्धटपणा म्हणतात, पण ते पुस्तक मी शिकवलेलं नव्हतं.

सणाला अठ्ठावीस दिवस होते. मी रबरी हातमोज्यांचं पाकीट घेऊन कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे शेतातल्या दगडी खोल्या, एकमेकींपासून लांब लांब. लेलीकाका चाळणी हातात घेऊन बसले होते. गच्चीवरच्या प्रकारानंतर ते माझ्याशी फक्त गरजेपुरतं बोलत, आणि गरज त्यांना फारशी पडत नसे.

"काका, राग मानू नका," मी म्हणालो. (हे तीन शब्द मी आता कुठल्याही वाक्याआधी वापरत नाही.) "दोष सापडला. तुमच्या हाताचा घाम मिश्रणात जातो."

त्यांनी चाळणी खाली ठेवली. मग डावा हात उचलून मेजावर ठेवला, तीन बोटं पसरून.

"ह्या हाताचा?"

"म्हणजे... दोन्ही."

"सर, ह्या हाताचं रक्त सांडलं होतं ह्याच मेजावर. त्या वर्षीसुद्धा हिरवा हिरवाच होता."

त्यांनी कमरेचा पंचा सोडला, घडी घातली, खिळ्याला अडकवला, आणि शेतातल्या वाटेनं घरी गेले. हातमोज्यांचं पाकीट माझ्याच हातात राहिलं. त्यावर लिहिलं होतं: सर्व हातांना योग्य.

जाकबूंना हे कळल्यावर त्यांनी मला फक्त एक प्रश्न विचारला, "सर, तुम्ही नक्की कुठल्या बाजूला आहात?"

दोन दिवस मी घरात दिव्यापुढे बसून होतो. तिसऱ्या दिवशी कोरी तार, तिच्यावर काहीही न घेता, सहज ज्वाळेत धरली. पिवळी! पुसून धरली. पुन्हा पिवळी.

"लॉन्झा! ह्या तारेला काय लावलंस?"

"काही नाही. घाण झाली होती, धुतली."

"कशानं?"

"पाण्यानं! शॅम्पेननं धुवायची होती का?"

मी उठून नळ सोडला. थेंब तारेवर घेतला. पिवळा. आमच्या बेटावर नळाला जे येतं ते अर्धं समुद्राचंच, यंत्रातून गाळलेलं. पितो, नाक मुरडतो, विसरतो. गोळ्या वळायला पीठ ओलं करावं लागतं. लेलीकाका ते पाण्यानंच करणार. आणि कारखान्यात पाणी कुठून येतं?

आता सांगायलाच हवं. कारखान्यात पूर्वी, आमच्या जुन्या घरांखाली असते तशी, पावसाचं पाणी साठवायची विहीर होती. तीन वर्षांपूर्वी संडास बांधताना ठेकेदारानं तिचा तळ फोडला. लेलीकाका म्हणाले होते, विहीर दुरुस्त करा. तेव्हा क्लबचा चिटणीस म्हणाला होता, "काका, आपण कुठल्या शतकात आहोत?" आणि त्यानं पाणी खात्याला अकरा पत्रं लिहून नळ आणला. त्या नळावर संगमरवराची छोटी पाटी आहे. तिच्यावर त्या चिटणिसाचं नाव आहे. ते नाव विस्तीन आहे. आउगुस्तीनू असतं तर निदान वाद घालता आला असता.

लेलीकाका अंगणात पक्ष्याचा पिंजरा साफ करत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. एकदाही अडखळलो नाही, कारण अडखळलो असतो तर पळालो असतो.

"म्हणजे नळ," ते म्हणाले.

"नळ."

"माझे हात नाहीत."

"नाही, काका. मी मूर्खासारखं बोललो. गच्चीवर बोललो, परवाही बोललो."

ते पुन्हा पिंजऱ्याची तार घासायला लागले. मग हळूच म्हणाले, "दोन वर्षं मी रोज रात्री ते माप आठवून बघत होतो. वाटायचं, डोकं चाललं माझं. मोजायला चुकायला लागलो. कुणाला सांगणार?" आणि आत जाऊन त्यांनी दोन पेले कॉफी आणली. माझ्या कॉफीत साखर नव्हती. ती शिक्षा होती की विसरले, मी विचारलं नाही.

मी उत्साहानं शुद्ध पाण्याच्या बाटल्या पिशवीतून काढल्या. त्यांनी एक उचलून वाचली.

"हे गाडीच्या बॅटरीत घालतात ना?"

"हो, पण अत्यंत शुद्ध..."

"सान रॉक काय टॅक्सी आहे? विहिरीचं पाणी आणा, सर. आकाशातून आलेलं. मग मी येतो."

जुलै महिना. मार्चनंतर आभाळातून थेंब नाही. मी हिरव्यांची दारं ठोठावत सुटलो. फिलुमेनाच्या विहिरीत टँकरचं पाणी. नीनूच्या विहिरीवर गाडी उभी. जाकबूंच्या विहिरीत टायर. हाल-तोर्बात पावसाचं पाणी उरलं होतं ते एकाच ठिकाणी, काल्चीडॉनच्या बेकरीखाली, आणि काल्चीडॉन हा पिवळ्यांचा अध्यक्ष.

"जा की," लॉन्झा म्हणाली. "माझा चुलतभाऊच आहे. बत्तीस वर्षं त्याचा पाव खाल्ला नाहीस म्हणून तो काही वाळला नाही."

बेकरीत रांग होती. पिवळ्यांची.

"काय हवं, मेहुणे?" काल्चीडॉननं पिठाचे हात पुसत विचारलं.

"चाळीस लिटर पाणी. विहिरीचं."

"कशाला?"

खोटं बोलायचं ठरवून गेलो होतो. फिलुमेनाच्या झाडांचं नाव घेणार होतो. पण तोंडातून निघालं, "हिरव्यासाठी."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. काल्चीडॉन हसला नाही. त्यानं सगळं विचारून घेतलं, नळ, मीठ, पाटीसकट. मग म्हणाला, "आणि आम्ही कर्ण्यातून ओरडत होतो. वाटलं, लेली म्हातारा झाला." तो रांगेकडे वळला. "आपल्या कारखान्याचं छप्पर उडालं त्या दिवशी कुंपणावरून पहिला उडी मारून कोण आला होता, आठवतं कुणाला? त्यानं काही रंग विचारला नव्हता."

"घेऊन जा पाणी," तो मला म्हणाला. "पण दोन पावही घे. आणि पिशवी अशी धर, की आमचं नाव बाहेर दिसेल."

पिशवी मी धरली असती. पण त्याच्या मनाचा मोठेपणा इथेच थांबला नाही. त्यानं पाण्याचे कॅन आपल्या पावाच्या पिवळ्या गाडीतून पाठवले, छपरावरच्या झेंड्यासकट. ती गाडी भर दुपारी हिरव्यांच्या कारखान्याच्या फाटकासमोर उभी राहिली. अर्ध्या तासात गावभर तीन बातम्या होत्या: पिवळ्यांनी कारखाना विकत घेतला, सरांनी कृती विकली, आणि सरांनी बायको सोडली. तिसरी कुठून आली ते अजून कळलं नाही.

तातडीची सभा भरली. मी पहिल्यांदाच उशिरा पोचलो, आणि ज्याची बत्तीस वर्षं भीती होती तेच झालं.

"सरांच्या सौभाग्यवती मूळच्या कुठल्या?" कुणीतरी मागून विचारलं.

"ते पाणी आधी ओतून द्या!" जाकबू गरजले. "त्यात काय कालवलंय कुणास ठाऊक!"

मी उभा राहून सोडियमबद्दल बोलायला लागलो. कुणीही ऐकेना. तेवढ्यात दार उघडलं आणि लेलीकाका आत आले. पन्नास वर्षांत ते सभेला आले नव्हते. त्यांच्या हातात पाण्यानं भरलेला पेला होता. त्यांनी त्यातला अर्धा पिऊन दाखवला आणि उरलेला जाकबूंपुढे धरला.

"अध्यक्ष, चव घेऊन सांगा. हिरवं आहे की पिवळं?"

जाकबूंनी सभेकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं, आणि घोट घेतला. मग आणखी एक.

"गोड आहे," ते म्हणाले.

"लिहून घ्या," लेलीकाका म्हणाले. "मी कामावर चाललो."

पुढचे दिवस मी त्यांच्या हाताखाली होतो. मोजून द्यायचं, गप्प बसायचं. दुसरं मला जास्त जड गेलं. गोळ्या वळल्या, सावलीत वाळल्या, भरल्या गेल्या. मी तपासायला एक कण मागितला तेव्हा काका म्हणाले, "नको. वर गेल्यावर कळेल." रक्तदाबाच्या गोळ्या मी डॉक्टरांना न विचारता दुप्पट केल्या.

सणाच्या संध्याकाळी चौक भरला होता. बार लावायला परवाना असलेली तरुण पोरं शेतात होती. मी लेलीकाकांना गर्दीत शोधत होतो. ते चर्चच्या पायऱ्यांवर सापडले, शेताकडे पाठ करून उभे.

"काका, तिकडे बघा! आपलाच आहे आता!"

"मी वर कधी बघत नाही, सर."

"कधीच नाही? पन्नास वर्षं?"

"वर गेलं की ते माझं राहत नाही. मी माणसं बघतो."

शेताकडून सुसाट आवाज आला. मीही नकळत त्यांच्यासारखा चौकाकडे तोंड करून उभा राहिलो. आणि वर काहीतरी उमललं असणार, कारण खाली सगळा चौक एकदम हिरवा झाला. डुन श्मूनचं टक्कल हिरवं. फिलुमेना हिरवी, तिच्या कडेवरची नात हिरवी. झेप्पीचा ढोल हिरवा, जाकबूंचे गाल हिरवे. समोर पिवळ्यांची गच्ची होती. तिथे काल्चीडॉन तोंड उघडं टाकून उभा, आणि त्याच्या मागे ओळीनं लावलेले पिवळे झेंडेसुद्धा हिरवे. मग पहिली टाळी त्या गच्चीवरून आली.

मला खूप काही सांगायचं होतं. बेरियमबद्दल, तापमानाबद्दल, क्षमेबद्दल. लेलीकाकांनी तीन बोटांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे निरखून बघितलं.

"सर, तुमची दाढी हिरवी झालीय," ते म्हणाले. "छान दिसते."

तेवढ्यात दुसरा बार वर गेला, आणि आम्ही दोघं आकाशाकडे पाठ करून तसेच उभे राहिलो.